आरोग्य विम्याची मोजणी: घराची की माणसाची?

भारतात किती जणांना आरोग्य विम्याचे संरक्षण आहे, या प्रश्नाची गेल्या काही वर्षांत तीन वेगवेगळी अधिकृत उत्तरे आपल्यासमोर आली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीने (जुलै २०१७ ते जून २०१८) सांगितले की ग्रामीण भागात सुमारे १४ टक्के आणि शहरी भागात सुमारे १९ टक्के लोकांना असे संरक्षण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आकडा आला तो ४१ टक्के कुटुंबांचा. ऑक्टोबर २०२१ मध्ये नीती आयोगाच्या अहवालाने हिशेब मांडला की सुमारे ७० टक्के लोकसंख्या कोणत्या ना कोणत्या योजनेखाली येते आणि उरलेले ३० टक्के, म्हणजे किमान ४० कोटी लोक, कोणत्याही छत्राखाली नाहीत.

यातला काही फरक काळाचा आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना सुरू झाली, म्हणजे पहिली पाहणी तिच्या आधीची आणि बाकीचे दोन हिशेब नंतरचे. पण १४ आणि ७० यांच्यामधले अंतर एका योजनेने भरून निघत नाही. खरा फरक मोजण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्या पाहणीने घरातल्या प्रत्येक माणसाबद्दल विचारले. दुसऱ्या पाहणीचा गाजलेला आकडा ‘घरातल्या कुणालाही एकाला’ विमा असला तरी ते घर विमाधारक धरतो. तिसऱ्या हिशेबाने कुणालाच काही विचारले नाही. कोण कोणत्या योजनेला पात्र आहे, याची सरकारी कागदावरची बेरीज त्याने केली. तिन्ही आकडे आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. अडचण अशी की बातमीत, भाषणात आणि अंदाजपत्रकाच्या चर्चेत तिघांनाही एकच नाव मिळते: ‘विमा संरक्षण’.

हा घोळ भारतापुरता नाही. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या अनेक सरकारांनी गेल्या पंचवीस वर्षांत आरोग्य विम्याच्या मोठ्या योजना उभ्या केल्या. त्या लोकांपर्यंत पोहोचल्या का, हे तपासायला घरोघर जाऊन केलेली पाहणी हेच सर्वांत विश्वासाचे साधन मानले जाते. त्या साधनाने नेमके काय मोजले जाते, कुठे चुकते आणि काय सुधारता येईल, याचा हा आढावा.

विचारते कोण, आणि कुणाला?

आंतरराष्ट्रीय पातळीवर दोन मोठ्या पाहण्यांचा दबदबा आहे. पहिली डीएचएस, म्हणजे लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांचा कार्यक्रम. अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेच्या पैशातून १९८४ साली तो सुरू झाला आणि ९० हून अधिक देशांत त्याच्या ४०० हून जास्त पाहण्या झाल्या. दुसरी युनिसेफची मिक्स, १९९५च्या सुमारास सुरू झालेली. जागतिक बँकेच्या राहणीमान पाहण्या आणि देशोदेशींच्या खर्चाच्या पाहण्या या त्याशिवाय. आपली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी डीएचएसच्याच घराण्यातली. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती पार पाडते. पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून अधिक घरे आणि ७ लाख २४ हजारांहून अधिक स्त्रिया या पाहणीत आल्या. एवढा मोठा पसारा जगात फार थोड्या पाहण्यांचा असेल.

या पाहण्या मुळात विम्यासाठी आखलेल्या नव्हत्या. जननदर, बालमृत्यू, लसीकरण, कुटुंबनियोजन, पोषण हे त्यांचे मूळ विषय. त्यामुळे व्यक्तिगत प्रश्नावली मुख्यतः १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांसाठी, आणि त्याहून लहान नमुन्यातल्या पुरुषांसाठी तयार झाली. विम्याचा प्रश्न पुढे तिच्यातच बसवला गेला. आधी ‘तुम्हाला आरोग्य विमा आहे का?’, आणि हो म्हटले तर ‘कोणत्या प्रकारचा?’ पर्याय ठरलेले: सामुदायिक किंवा परस्पर साहाय्याचा, नोकरीतून मिळालेला, सामाजिक सुरक्षेचा, स्वतः विकत घेतलेला, इतर. मिक्सच्या सहाव्या फेरीने मुलांबद्दलही हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, ही चांगली भर.

तरीही पन्नाशी ओलांडलेला माणूस या व्यक्तिगत प्रश्नावलीच्या बहुतांशी बाहेरच राहतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मोतीबिंदू, गुडघे, कर्करोग हे सगळे ज्या वयात दार ठोठावतात, त्याच वयाच्या विम्याबद्दल आंतरराष्ट्रीय पाहण्या सर्वांत कमी बोलतात. विम्याची गरज ज्याला सर्वाधिक, तोच मोजणीत नाही.

घर की माणूस?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला प्रश्न साधारण असा असतो: या घरात नेहमी राहणाऱ्यांपैकी कुणालाही एखाद्या आरोग्य योजनेचे किंवा आरोग्य विम्याचे संरक्षण आहे का? उत्तर घरातला एक जण सगळ्यांच्या वतीने देतो. ‘हो’ आले की ते घर विमाधारक. याच पाहणीत स्त्री-पुरुषांना स्वतःबद्दलही वेगळे विचारले जाते. पाचव्या फेरीत ४१ टक्के घरे विमाधारक निघाली, पण १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे ३३ टक्के जणांनीच स्वतःला विमा असल्याचे सांगितले. एकाच पाहणीत, एकाच काळात पडलेले हे आठ ते अकरा टक्क्यांचे अंतर आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ४१ आला. ३० अहवालाच्या आतल्या पानांवर राहिला.

हे अंतर पडते कसे, ते एका घरात शिरून पाहू. समजा, सहा माणसांचे घर आहे: आजी-आजोबा, मुलगा-सून आणि दोन नातवंडे. मुलगा एका कंपनीत नोकरीला आहे आणि कंपनीचा मेडिक्लेम फक्त कर्मचाऱ्यापुरता आहे. घराच्या प्रश्नाला उत्तर ‘हो’. सहापैकी पाच जणांना काहीही नाही, तरी आकडेवारीत संपूर्ण घर सुरक्षित. आता तोच मुलगा दुसऱ्या शहरात भाड्याच्या खोलीत राहत असेल, तर तो त्या घराचा ‘नेहमी राहणारा’ सदस्य धरला जात नाही. मग घराचे उत्तर ‘नाही’ होते. घरातल्या पाच जणांच्या परिस्थितीत काडीचाही फरक पडलेला नाही, पण आकडा उलटा झाला.

योजनांची रचनाच कधी कधी हे अंतर निर्माण करते. २००८ साली सुरू झालेली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना कुटुंबाला वर्षाला ३० हजार रुपयांचे संरक्षण देत असे, पण एका कार्डावर जास्तीत जास्त पाच जण. सहावे माणूस बाहेर. कार्डावर कुणाला घालायचे आणि कुणाला वगळायचे, हा निर्णय घरात होई. त्यात कोण वगळले जाण्याची शक्यता जास्त, हे आपल्या घरांची रीत माहीत असलेल्याला सांगायला नको. आयुष्मान भारतने कुटुंबाच्या आकाराची ही अट काढून टाकली, हे तिचे मोठे श्रेय.

पण आता उलट्या बाजूचा पेच उभा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण मिळू शकते. ज्येष्ठांसाठी हे पाऊल मोलाचे आहे. मात्र ‘घरात कुणालाही एकाला’ या प्रश्नाच्या हिशेबात, ज्या घरात सत्तरीचे एक माणूस कार्डधारक आहे ते सगळे घर विमाधारक होईल. घराचा आकडा झपाट्याने वर जाईल आणि बाकीच्यांच्या हालाखीबद्दल काहीच सांगणार नाही.

घर मोजणे नेहमीच चुकीचे असते असे मात्र नाही. रवांडातल्या सामुदायिक विम्यात, जिथे ‘म्युच्युएल’ हे नाव रूढ आहे, नोंदणी कुटुंबाच्या पातळीवर होते. तिथे २०१४-१५च्या पाहणीत सुमारे ७९ टक्के घरांत कुणी ना कुणी विमाधारक होते. नोंदणीच कुटुंबाची असल्यामुळे हा आकडा माणसांच्या वास्तवाच्या बराच जवळ जातो. शेजारच्या देशात नोंदणी एकेकट्याची असेल तर तोच प्रश्न फसवतो. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी योजना माणसाची नोंद करते की घराची, हे पाहावे लागते. तुलनात्मक तक्त्यांत ही तळटीप बहुधा नसते.

माहीतच नाही, तर सांगणार काय?

महाराष्ट्राचा दाखला या विषयात जगाला शिकवण्यासारखा आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि एप्रिल २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेली कुटुंबे तिला पात्र होती, शिवाय शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या १४ जिल्ह्यांतले पांढरी शिधापत्रिकाधारक शेतकरीही. कुटुंबाला हप्ता भरायचा नव्हता. तो सरकार भरत होते. वेगळी नोंदणी नव्हती, कागद होता तो रेशनकार्डाचाच. म्हणजे राज्यातली बहुसंख्य कुटुंबे कागदोपत्री विमाधारक होती.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे महाराष्ट्रातले काम २०१९च्या उत्तरार्धात झाले. विमाधारक घरे निघाली सुमारे एक पंचमांश. चौथ्या फेरीत ती साधारण १५ टक्के होती. मग बाकीची केशरी कार्डे गेली कुठे? ती घरोघर होती, पण त्या कार्डात विमाही आहे हे घराला ठाऊक नव्हते. या योजनेची ओळख बहुतेक कुटुंबांना रुग्णालयात होते. रुग्ण दाखल झाल्यावर नातेवाईक आरोग्यमित्राच्या टेबलाशी पोहोचतात. आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासतो, आजार योजनेच्या यादीत बसतो का ते पाहतो, आणि तेव्हा कळते की आपल्याला ‘जीवनदायी’ लागू आहे. ज्या घरात गेल्या काही वर्षांत मोठे आजारपण आलेच नाही, त्या घराने पाहणीला आलेल्या मुलीला ‘विमा नाही’ असे सांगितले तर तिचीही चूक नाही आणि घराचीही नाही.

शेजारच्या गोव्यात चित्र उलटे दिसले. तिथली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ची. तिच्यात कुटुंबाने नाव नोंदवायचे, थोडे शुल्क भरायचे आणि कार्ड घ्यायचे. चौथ्या फेरीत गोव्यातली सुमारे १६ टक्के घरे विमाधारक होती, पाचव्या फेरीत सुमारे दोन तृतीयांश झाली. यात योजनेच्या प्रसाराचा वाटा आहेच. पण रांगेत उभे राहून, पैसे मोजून घेतलेले कार्ड माणूस विसरत नाही आणि विचारल्यावर लगेच ‘हो’ म्हणतो, हाही वाटा आहे. राजस्थानात तर आकडा ८८ टक्क्यांपर्यंत गेला.

यावरून महाराष्ट्राची योजना निकृष्ट आणि गोव्याची किंवा राजस्थानची सरस, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. शिधापत्रिकेवर आपोआप पात्र करणारी पद्धत गरिबाचा हेलपाटा वाचवते. ही तिची ताकद, आणि पाहणीत अदृश्य राहणे ही तिची किंमत. पण ही किंमत फक्त आकड्यांची नाही. ज्याला योजना माहीत नाही, तो योजनेत नसलेल्या खासगी रुग्णालयात जातो, सोने गहाण ठेवतो, बिल भरतो. त्यामुळे पाहणीतला कमी आकडा ‘चुकीचा’ म्हणून उडवून लावणाऱ्या अधिकाऱ्याने थांबून विचार करावा. तो आकडा पात्रतेबद्दल चुकत असेल, पण माहितीच्या अभावाबद्दल खरेच बोलतो आहे.

हाच अनुभव अमेरिकेत अनेक दशकांचा आहे. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेत सरकारी नोंदींनुसार जितके लोक असतात, त्याहून कमी लोक पाहण्यांत आपण मेडिकेडमध्ये असल्याचे सांगतात. एक कारण नावांचे. कॅलिफोर्नियात ती योजना मेडि-कॅल, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, टेनेसीत टेनकेअर, विस्कॉन्सिनमध्ये बॅजरकेअर. म्हणून तिथल्या पाहण्या प्रत्येक राज्याच्या प्रश्नावलीत त्या राज्यातले नाव घालतात. आपल्याकडे ‘राज्य आरोग्य विमा योजना’ असा कोरडा पर्याय वाचून दाखवला, तर मेळघाटातली किंवा माणदेशातली गृहिणी मान हलवेल कशी? तिला ‘जीवनदायी’, ‘फुले योजना’, ‘आयुष्मान कार्ड’ हे शब्द ऐकवायला हवेत, आणि शक्य तर कार्डाचे चित्र दाखवायला हवे.

आज आहे, की कधी काळी होता?

विमा वर्षागणिक संपतो. नूतनीकरण राहून गेले की कार्ड पेटीत असते आणि संरक्षण नसते. याचा सर्वांत मोठा धडा घानाने दिला.

घानाने २००३ साली राष्ट्रीय आरोग्य विम्याचा कायदा केला. आफ्रिकेतला आदर्श म्हणून या योजनेकडे जग पाहू लागले. योजनेच्या प्राधिकरणाचे आकडे साठ टक्क्यांच्या वर गेले होते. मार्च २०११ मध्ये ऑक्सफॅम आणि घानातल्या काही संस्थांनी अहवाल काढून सांगितले की खरे सक्रिय सदस्य १८ टक्क्यांइतके कमी असू शकतात. मोठा वाद झाला. प्राधिकरणाने १८ टक्के नाकारले, पण आपली पद्धतही तपासली. आधीच्या बेरजेत योजनेत कधीही नाव नोंदवलेले सगळे जण साठत गेले होते. ज्यांनी नूतनीकरण केले नाही तेही त्यात होते. नव्या पद्धतीने फक्त चालू कार्ड असलेले मोजले, तेव्हा २०१०चा आकडा निघाला सुमारे ८१ लाख ६० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या ३४ टक्के. एकाच योजनेचा साठीच्या वरचा आकडा एका दुरुस्तीत निम्म्यावर आला. सरकारी संस्थेने स्वतःचा फुगलेला आकडा स्वतः खाली आणला, याबद्दल घानाचे कौतुक करायला हवे.

त्यानंतरच्या २०१४च्या डीएचएस पाहणीत घानातल्या ६२ टक्के स्त्रिया आणि ४८ टक्के पुरुष विमाधारक असल्याचे दिसले. स्त्रिया पुढे असण्याचे एक कारण योजनेतच आहे: २००८ पासून गरोदर स्त्रियांना हप्ता माफ आहे. पण इथेही काळाचा प्रश्न उरतो. बाळंतपणासाठी मिळालेले संरक्षण पुढे नूतनीकरणाशिवाय संपते. गेल्या वर्षी प्रसूत झालेली आणि आज कार्ड संपलेली स्त्री ‘हो’ म्हणाली की ‘नाही’, हे प्रश्नाच्या शब्दांवर ठरते. म्हणून नुसते ‘कार्ड आहे का’ विचारू नये. कार्ड पाहायला मागावे आणि त्यावरची तारीख टिपून घ्यावी.

श्रीमंत देशाचीही यातून सुटका नाही. अमेरिकेच्या जनगणना विभागाची वार्षिक पाहणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि विमा विचारते मागच्या पूर्ण वर्षाचा. लोक मात्र बरेचदा आजची स्थिती सांगत. म्हणून प्रश्न बदलण्यात आले: आधी आजचा विमा विचारायचा, मग मागे जात महिने विचारायचे. जुन्या प्रश्नांनी २०१२ साली ४ कोटी ८० लाख अमेरिकी लोक विमा नसलेले दाखवले होते. नव्या प्रश्नांनी २०१३ साठी ४ कोटी २० लाख दाखवले. ओबामांच्या सुधारणांचा मुख्य भाग सुरू झाला तो जानेवारी २०१४ मध्ये, म्हणजे त्यानंतर. साठ लाखांच्या या फरकातला बराचसा भाग प्रश्न बदलल्याचा होता. विभागाने म्हणूनच दोन वर्षांची सरळ तुलना करू नका, असे बजावले.

विमा म्हणजे नेमके काय?

ब्राझीलच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत खासगी आरोग्य योजना असलेले लोक सुमारे एक चतुर्थांश निघतात. मग बाकीचे तीन चतुर्थांश उघड्यावर आहेत का? नाहीत. १९८८च्या राज्यघटनेने आरोग्य हा सर्वांचा हक्क ठरवला आणि सरकारी एकात्मिक आरोग्य व्यवस्था सर्वांसाठी खुली आहे. श्रीलंकेत सरकारी रुग्णालयांत कित्येक दशके मोफत उपचार मिळतात. तिथे ‘विमा आहे का’ विचारले तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतील, आणि ते खरेच असेल. करांच्या पैशातून चालणाऱ्या आरोग्यसेवेला विम्याच्या पट्टीने मोजले की चांगली व्यवस्था असलेले देश तक्त्यात तळाला जातात.

व्याख्येचा असाच पेच अमेरिकेतल्या आदिवासी समाजांबाबत आहे. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची इंडियन हेल्थ सर्व्हिस आहे. पण ज्यांना फक्त त्या सेवेचा आधार आहे, त्यांना जनगणना विभाग विमा नसलेले धरतो, कारण ती सेवा सर्वंकष नाही. हा निर्णय कठोर वाटेल, पण स्पष्ट आहे आणि जाहीर आहे. आपल्याकडे उलट होते. मंत्रालयातल्या कर्मचाऱ्याला मिळणारी वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती, कामगार विमा योजना, केंद्रीय आरोग्य योजना, खासगी मेडिक्लेम आणि फक्त रुग्णालयात भरती झाल्यावर चालणारी सरकारी योजना, हे सगळे एकाच ‘हो’मध्ये मिसळतात. कामगार विमा योजनेत बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे मिळतात, आयुष्मानमध्ये मुख्यतः भरतीचा खर्च मिळतो. दोघांना एकाच रकान्यात टाकले की आकड्यातून अर्थ निघून जातो.

संरक्षण खरेच मिळते का?

आता सर्वांत अवघड प्रश्न. विमा आहे, माहीतही आहे, चालूही आहे. मग आजारपणात खिसा वाचतो का?

चीनने ग्रामीण सहकारी वैद्यकीय योजना २००३ साली सुरू केली आणि शहरांसाठी २००७ साली नवी योजना आणली. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवा पाहण्यांवर आधारलेला अभ्यास २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यानुसार विमाधारकांचे प्रमाण २००३ मधल्या २९.७ टक्क्यांवरून २०११ मध्ये ९५.७ टक्क्यांवर गेले. इतिहासात इतक्या मोठ्या लोकसंख्येला इतक्या कमी काळात क्वचितच कुणी विम्याखाली आणले असेल. आणि आजारपणाच्या खर्चाने मोडून पडणारी घरे? २००३ मध्ये १२.२ टक्के, २०११ मध्ये १२.९ टक्के. लोक रुग्णालयात जास्त जाऊ लागले, हा मोठा लाभ झाला. पण घराचे दिवाळे निघण्याचा धोका जिथल्या तिथे राहिला.

संयुक्त राष्ट्रांमध्ये हाच वाद निर्देशकांच्या रूपाने झाला. शाश्वत विकास उद्दिष्टांत सर्वांना आरोग्यसेवा हे लक्ष्य आहे. २०१६च्या सुरुवातीला ठरलेल्या आराखड्यात त्याचा एक निर्देशक असा होता: दर हजार लोकांमागे किती जण आरोग्य विम्याच्या किंवा सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेच्या छत्राखाली आहेत. मोजायला सोपा, मिरवायला आणखी सोपा. ज्या सरकारने कायदा केला की सर्व नागरिक पात्र, त्याचा आकडा एका रात्रीत हजारपैकी हजार झाला असता. तज्ज्ञांनी हरकत घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो निर्देशक बदलला. त्याच्या जागी आले घरखर्चातल्या आरोग्यखर्चाचे प्रमाण, १० आणि २५ टक्क्यांच्या पातळीवर मोजलेले. २०२५ मध्ये त्यातही सुधारणा झाली. अन्न, निवारा अशा मूलभूत गरजा भागवून उरलेल्या पैशांतले ४० टक्क्यांहून अधिक आरोग्यावर गेले, तर ते घर संकटात, अशी नवी व्याख्या आली. गरिबाच्या घरात उरतेच थोडके, आणि थोडक्यातून गेलेले शंभर रुपयेही किती जड असतात, हे ही व्याख्या जास्त नीट ओळखते.

महाराष्ट्राला हा धडा आता तातडीचा आहे. १ जुलै २०२४ पासून महात्मा फुले योजना पाच लाखांच्या संरक्षणासह राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू झाली. कागदावर आता शंभर टक्के. म्हणजे पात्रता मोजण्यात अर्थ उरला नाही. मोजायचे आहे ते वेगळेच: किती जणांना हे माहीत आहे, तालुक्याच्या आसपास योजनेतले रुग्णालय आहे का, दाखल झाल्यावर कॅशलेस उपचार मिळाले की वरून पैसे मागितले, आणि औषधे-तपासण्यांवर किती गेले.

नोंदवही आणि पाहणी

मग घरोघर विचारण्यापेक्षा सरकारी नोंदीच का घेऊ नयेत? थायलंडने २००२ साली सर्वांसाठी आरोग्य संरक्षण आणले आणि नागरिकांच्या तेरा अंकी ओळख क्रमांकाशी तिथल्या तिन्ही आरोग्य योजनांच्या नोंदी जोडल्या. कोण कुठल्या योजनेत, हे तिथे जवळपास प्रत्येक माणसाबाबत सांगता येते. पण थायलंडनेही पाहण्या बंद केल्या नाहीत. योजनेत नाव आहे की नाही, एवढेच नोंदवही सांगते. ते नाव असलेला माणूस आजारी पडल्यावर कुठे गेला आणि त्याच्या खिशातून काय गेले, हे विचारावेच लागते. जिथे नोंदी विस्कळीत आहेत तिथे एकच माणूस दोन योजनांत दोनदा मोजला जातो आणि मृतांची नावे वर्षानुवर्षे राहतात. घानाचा अनुभव तेच सांगतो.

म्हणून २०२५च्या सुरुवातीला जे झाले ते गंभीर आहे. अमेरिकी सरकारने परदेशी मदत थांबवली आणि त्याबरोबर डीएचएस कार्यक्रम बंद पडला. पुढे गेट्स फाउंडेशनने काही अपुऱ्या राहिलेल्या पाहण्या पूर्ण करण्यासाठी पैसे देऊ केले, पण चार दशकांची घडी विस्कटली. ज्या देशांत सरकारी दाव्यांना दुसरा साक्षीदार नव्हता, तिथे ही पाहणीच साक्षीदार होती. भारताने आपल्या पाहण्या आपल्या खर्चाने, वेळेवर आणि कच्च्या आकडेवारीसह खुल्या ठेवणे, ही आता आणखी मोठी जबाबदारी आहे.

काय करायला हवे?

वरच्या सगळ्या अनुभवांतून निघणाऱ्या दुरुस्त्या अवघड नाहीत. एक, विमा प्रत्येक माणसाचा विचारा, लहान मुलापासून आजीपर्यंत, आणि आकडे वय व लिंगानुसार छापा. दोन, योजनांची नावे लोक ज्या नावाने ओळखतात त्या नावांनी वाचून दाखवा. तीन, कार्ड पाहा आणि मुदत लिहा. चार, पात्रता, माहिती, नोंदणी आणि वापर हे चार आकडे वेगवेगळे छापा, एकात कालवू नका. पाच, गेल्या वर्षात जो रुग्णालयात दाखल झाला त्याला विचारा की बिल कुणी भरले आणि घरातून किती गेले. सहा, जिथे सेवा करांतून मोफत मिळते तिथे विम्याचा आकडा एकटा कधीच देऊ नका.

यातली पहिली दुरुस्ती बाकी सगळ्यांचा पाया आहे. आजार घराला होत नाही, घरातल्या एका माणसाला होतो. त्या क्षणी घरातल्या दुसऱ्या कुणाला विमा आहे याने त्याचे बिल भरले जात नाही. ‘कुणालाही एकाला’ या दोन शब्दांआड देशातल्या कोट्यवधी स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे झाकली जातात. वाचकांनीही यापुढे ‘इतके टक्के विमाधारक’ अशी बातमी वाचली की आधी विचारावे: घरे की माणसे? आणि कोणत्या वयाची?

हे करायला नवी यंत्रणा लागत नाही. आपली राष्ट्रीय नमुना पाहणी माणसागणिक विचारतेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही प्रत्येक घरात सुरुवातीलाच नेहमी राहणाऱ्या सगळ्यांची नावे, वय, लिंग आणि शिक्षण यांची यादी भरली जाते. त्या यादीत आरोग्य विम्याचा एक रकाना वाढवावा, अशी मागणी आरोग्य मंत्रालयाकडे आणि देवनारच्या संस्थेकडे आपण सगळ्यांनी करायला हवी.